उजेडाचा माज

आजही कोणी उपदेश करताना ‘आपण प्रकाशाची लेकरं’ असं म्हणायला सुरुवात केली, की मी पर्समधली बडीशेप शोधायला लागते. परवाच्या रविवारीही तेच झालं. आता आमच्या चर्चमध्ये पडदा आहे, त्यावर गीतांचे शब्द पडतात. मागचा क्रूस रंग बदलतो, आधी निळा, मग जांभळा, मग लग्नाच्या हॉलसारखा गुलाबी. तरुण पाळकांनी ‘अंधार’ म्हटलं की मागे बसलेला पोरगा दिवे घालवतो आणि ‘प्रकाश’ म्हटलं की लावतो. परवा तो मोबाइलमध्ये रमला होता. पाळक ‘प्रकाश, प्रकाश’ म्हणत बराच वेळ काळोखात हात पसरून उभे होते आणि मंडळीला वाटलं, तेही उपदेशातच आहे. दोघीतिघींनी डोळे पुसले. मला हसू आवरेना. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की माझ्या तारणाचं आता काही खरं नाही. त्यांना कसं सांगणार, की मी यांना हसतच नव्हते. मला दुसरेच एक पाळक आठवले होते, आणि त्यांच्या मागोमाग आमची पडवी, उंडीच्या तेलाचा वास आणि बाबा.

आमचं घर चढावर होतं. जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि पडवीत बाबांची पेटी. बाबा शाळेत गाणं शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे, म्हणून गावभर सगळे त्यांना पेटीमास्तर म्हणत. त्यांचं खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक. घरात आम्ही तिघंच. आई दिवसभर स्वयंपाकघर आणि विहीर यांच्यामध्ये असायची. सकाळी मऊभात आणि मेतकूट, दुपारी आमटीभात आणि मिळाला तर बांगडा, रात्री बहुधा कुळथाची पिठी. कुळथाची पिठी उकळताना ‘बुडुक बुडुक’ असा एक आवाज येतो, तो आला की बाबा पेटीवर त्याच तालात काहीतरी वाजवत आणि आई आतून ओरडायची, ‘अहो, देवाची पेटी आहे ती!’ बाबा म्हणायचे, ‘पिठी काय सैतानाची आहे?’ असं चालायचं. खालच्या बाजूला कमळमावशींचं घर होतं. त्या हिंदू, आम्ही ख्रिस्ती, मध्ये एक कुंपण आणि त्या कुंपणावरून दोन्हीकडे सतत काहीतरी जात असायचं, वाटी, बातमी, नाहीतर मी.

कमळमावशींच्या परड्यात उंडीचं झाड होतं. त्याच्या बिया वाळवून त्या घाण्यावरून तेल काढून आणत आणि त्यातली एक बाटली कुंपणावरून आईकडे येई. उंडीचं तेल कडू, खायच्या कामाचं नाही, पण दिव्याला फार चांगलं. जळताना त्याला एक उग्र, थोडा औषधी वास येतो. ज्यांनी तो घेतला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. तिन्हीसांज झाली, खाली कमळमावशींची नातवंडं परवचा म्हणायला बसली, की आई पितळेचा लहान दिवा लावायची, दारालगतच्या कोनाड्यात ठेवायची आणि आत तोंड करून म्हणायची, ‘दिवा लावला हो.’ मग बाबा पेटीवरचा हात थांबवून म्हणायचे, ‘येशू सहाय.’ आम्हीही एकमेकांना येशू सहाय म्हणायचो, बाबा चार ओळींची प्रार्थना करायचे आणि दिवस संपायचा. यात काही चुकीचं असेल असं आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. घरात चाळीस वॅटचा बल्ब होता, पण तो लावल्यावर कोणी कोणाला सांगत नसे.

बाबांचे डोळे काचबिंदूनं गेले. हळूहळू गेले, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. मुंबईला दाखवलं, तिथले डॉक्टर म्हणाले, आता जे आहे ते आहे. बाबा परतीच्या एसटीत आईला म्हणाले, ‘चला, चष्म्याचा खर्च वाचला.’ त्यावर आई खिडकीकडे तोंड करून रडली, ते त्यांना कळलं, कारण आई रडताना नाक ओढते. पहिले काही महिने वाईट गेले. मग बाबांनी आपलं बस्तान बसवलं. पेटी त्यांना कधी बघावी लागत नव्हतीच. आंब्याच्या दिवसांत माळ्यावरच्या अढीत पेंढ्याखाली हात घालून कुठला आंबा आज काढायचा हे तेच सांगत. सकाळ त्यांना पाववाल्याच्या आवाजानं कळायची आणि संध्याकाळ उंडीच्या वासानं. आईनं दिवा लावला, की हातातलं काम ठेवून ते मान जराशी वर करत आणि आई बोलायच्या आधीच हसत. तरी ती ‘दिवा लावला हो’ म्हणायचीच. आंधळ्या माणसाला हे का सांगायचं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘दिवा काय फक्त बघायला लावतात?’

अशात आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. देशावरचे. उंच, गोरे, झग्याला कडक खळ, आणि आवाज असा, की समोरच्याला आपणच बहिरे आहोत की काय असं वाटावं. त्यांना एकच विषय येत होता: उजेड आणि अंधार. कुठलाही उतारा वाचू देत, अर्ध्या तासात तिथेच यायचे. जग दोन भागांत वाटलेलं होतं आणि त्यातल्या उजेडाच्या भागाची किल्ली त्यांच्या खिशात होती. आल्या आल्या त्यांनी चर्चमधले जुने टांगते दिवे काढून ट्यूब बसवल्या, प्रभूच्या घरात कोपरासुद्धा अंधारा नको म्हणून. वीज आमच्याच जिल्ह्यात पोफळीला तयार होते आणि सरळ मुंबईला जाते. आमच्या ट्यूबला वाटेत सांडेल तेवढी मिळायची. त्यामुळे उपासनाभर त्या फडफडत राहायच्या आणि पाळकसाहेबांचा चेहरा दिसायचा, जायचा, दिसायचा, जायचा. मंडळी मात्र भारावली होती. माणसाला आपण उजेडात आहोत असं कोणी ठासून सांगितलं, की त्याला लगेच शेजारी काळा दिसायला लागतो, आणि त्यात केवढं सुख असतं ते मी तेव्हा पाहिलं. वर्षानुवर्षं एकमेकांकडे लोणच्याच्या बरण्या नेणाऱ्या बायका एकमेकींच्या घरात अंधाराची कामं शोधायला लागल्या.

एका रविवारी त्यांनी उतारा निवडला, डोळा हा शरीराचा दिवा आहे तो. डोळा सदोष असेल तर अख्खं शरीर अंधारात, असं प्रभू सांगतो. प्रभूच्या मनात काचबिंदू नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. पाळकसाहेबांना नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ते बोलत होते आणि बाबा त्यांच्यापासून चार हातांवर पेटीमागे बसले होते. सगळी डोकी बाबांकडे वळली. बाबांना ते दिसलं नाही, पण बाकं कुरकुरली ती त्यांनी ऐकली. उपदेश संपल्यावर त्यांनी शेवटचं गीत वाजवलं, एकही सूर न चुकता. बाहेर पडताना मात्र त्यांचा हात माझ्या खांद्यावर रोजच्यापेक्षा जड होता.

पुढच्या आठवड्यात चर्चचे सेक्रेटरी जोसेफकाका घरी आले. जोसेफकाका म्हणजे कोणाचंही म्हणणं तिसऱ्याकडे पोचवणारे गृहस्थ. स्वतःचं असं त्यांचं काही म्हणणं नव्हतं. चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, ‘मास्तर, पाळकसाहेबांचं म्हणणं असं, की प्रकाशाची गीतं, आणि वाजवणारा... म्हणजे मंडळीच्या साक्षीला ते शोभत नाही. तुमचे डोळे बरे होईपर्यंत माझी सून बसेल पेटीवर.’ त्यांच्या सुनेला एकच गीत येत होतं आणि तेही पोरांच्या वर्गाचं. बाबा म्हणाले, ‘बसू दे.’ इतकंच. काका गेल्यावर त्यांनी पडवीतली पेटी झाकली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. तशी पेटी झाकलेली मी संध्याकाळच्या वेळी कधी पाहिली नव्हती.

आईवर पाळकसाहेबांनी वेगळा डाव टाकला. घरी येऊन त्यांनी कोनाड्यातला दिवा पाहिला आणि म्हणाले, ‘बाई, हे जुन्या अंधारातलं आहे. सांजवातीला दिवा ही त्यांची चाल. ज्या घरात अंधाराचं काम चालू आहे तिथे मास्तरांच्या डोळ्यांत उजेड कसा यावा?’ आई फार शिकलेली नव्हती, भित्री होती, आणि बाबांचे डोळे परत यावेत म्हणून तिनं विहिरीत उडीही टाकली असती. दिवा तर साधी गोष्ट. तिनं तो घासला, फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर अढीच्या पेंढ्यात खुपसून ठेवला. बाटली परत करायला ती कुंपणाशी गेली तेव्हा मी तिच्या मागेच होते.

कमळमावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले. ‘तुमच्या देवाचा नाव काय म्हंतस? जगाचो उजेड ना? आणि त्याला माझा वाटीभर तेल चालत नाय?’

‘तसं नाही हो मावशी. पाळकसाहेब म्हणतात...’

‘मेल्याला सांग, तेल माझ्या झाडाचा, वात तुझी, पितळ कासाराचा. उजेड काय जात विचारून पडतो? बाटली ठेव गो तुझ्याकडे. मी नाय घ्यायची परत.’

आईनं बाटली परत आणली आणि चुलीमागे ठेवली. त्या संध्याकाळी तिनं बल्ब लावला आणि सवयीनं तोंड उघडून तसंच मिटलं.

मग जे झालं त्याचा पाळकसाहेबांनी किंवा आईनं विचार केला नव्हता, आणि मीही नाही. बाबांची संध्याकाळ हरवली. पहिल्या दिवशी ते पडवीत बसून राहिले. आत पिठी होऊन ताटं मांडली तरी उठेनात. मी बोलवायला गेले तर म्हणाले, ‘एवढ्यात? अजून दिवे लागायचेत.’ आईनं सांगितलं, बल्ब लावलाय केव्हाचा. बाबा म्हणाले, ‘बल्बला वास नसतो गं.’ खालून परवचा ऐकू यायचा खरा, पण सुट्टीत ती नातवंडं मामाकडे गेली, तेव्हा तेवढाही आधार राहिला नाही. बाबा दुपारी झोपायला लागले आणि अवेळी उठून दाढीचं पाणी मागायला लागले. जेवून तासभर झाला नाही तोवर विचारत, जेवायचं कधी? गडगडाटी हसणारा, फिरक्या घेणारा माणूस काही महिन्यांत असा झाला, की दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न: ‘सुलू, किती वाजले?’ आम्ही सांगायचो. पण वाजले किती हे कळणं आणि संध्याकाळ झाली हे कळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून म्हणायची, ‘बरे होतील गं. पाळकसाहेब म्हणालेत.’ मी तिच्याशी भांडले. ती म्हणाली, ‘तू गप्प बस, तुला काय कळतं?’ आणि खरं सांगायचं तर तिला ज्या आशेनं धरलं होतं तिच्यापुढे माझं भांडण काय टिकणार होतं?

दर गुरुवारी आमच्याकडे प्रार्थना व्हायची. पाळकसाहेब, जोसेफकाका आणि चारपाच बायका. बायका गात, पाळकसाहेब बाबांच्या डोळ्यांवर तळवे दाबून उजेडाला हुकूम सोडत, मग हात काढून विचारत, ‘मास्तर, काय दिसतं?’ बाबा म्हणत, ‘काही नाही.’ सगळे आईकडे पाहत. घरात अजून काही दडलंय का? मग शोध सुरू व्हायचा. वाण्यानं दिलेलं देवीचं कॅलेंडर गेलं. कमळमावशींची पितळी वाटी गेली, ती बिचारी आंबोळीचं पीठ घेऊन आली होती. एका बाईनं माझ्या उशीखालून रहस्यकथेचं पुस्तक शोधून काढलं आणि ते अंधाराचं काम असल्यामुळे स्वतःच्या घरी नेलं. नंतर तिच्या मुलीकडून कळलं की तिनं ते दोन दिवसांत वाचून काढलं.

ईस्टरच्या आधीच्या एका गुरुवारी पाळकसाहेब जोरात होते. ‘मास्तर, विश्वास धरा! उजेड दारात उभा आहे! सांगा, काय दिसतं?’

बाबा सरळ होऊन बसले. मग शांतपणे म्हणाले, ‘अंधार दिसतो, पाळकसाहेब. पहिल्यापासून तोच दिसतो. त्यात मी बरा होतो. सकाळ कळायची, संध्याकाळ कळायची. तुम्ही आलात आणि माझी संध्याकाळ घेऊन गेलात. तेवढी परत द्या. डोळे राहू देत.’

बायकांचं गाणं मध्येच थांबलं. पाळकसाहेब म्हणाले, ‘अंधार सैतानाचा आहे, मास्तर!’

‘कुठे लिहिलंय? शास्त्र उघडलं की आधी अंधारच आहे, आणि देवाचा आत्मा त्याच्यावर आहे. दिवा त्यानं नंतर लावला. मोशे डोंगर चढून गेला तो कशात शिरला? काळ्या ढगात. देव तिथे होता. आणि प्रभू कबरेतून उठला तेव्हा बघायला होतं कोण? बाया आल्या तेव्हा अजून उजाडलं नव्हतं, आणि तोवर सगळं होऊन गेलं होतं. तुमचा सगळ्यात मोठा सण अंधारात झालाय, साहेब. उजेड आपण चांगला म्हणतो तो आपल्याला ठेचा लागू नयेत म्हणून. देवाला काय, दोन्ही सारखंच.’

आयुष्यात मी ऐकलेला सगळ्यात चांगला उपदेश तो. पाळकसाहेब लालबुंद झाले. ते म्हणाले, हा आंधळ्याचा गर्व आहे, आणि पश्चात्ताप करेपर्यंत पेटीमास्तरांना चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही. जोसेफकाकांनी मान हलवली, कारण त्यांच्याकडे हलवायला तेवढंच होतं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्या लोकांत प्रभुभोजन बंद म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. उद्या बाबांना काही झालं तर मातीला तरी कोणी येईल का, इथपर्यंत तिचा विचार गेला. ती रात्रभर जागी होती आणि बाबा मात्र त्या रात्री कधी नव्हे ते गाढ झोपले.

आता आमच्या ईस्टरची रीत सांगायला हवी. आमची दफनभूमी गावाबाहेर सड्यावर आहे. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी चर्चपाशी जमायची आणि दिवा न लावता, न बोलता, एकामागून एक सड्यावर जायची, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, जशा त्या बाया कबरेकडे गेल्या तशा. तिथे पूर्वेला फटफटलं की पहिली मेणबत्ती लागायची, तीवरून दुसरी, आणि मग गीत. सडा म्हणजे नुसता कातळ. तिथे कबर खोदायला पहारी लागतात, दोन माणसांचे दोन दिवस जातात, आणि मेलेलं माणूस तेवढं थांबत नाही. म्हणून आमच्या मंडळीत एक कबर कायम खोदून तयार असते. तिला ‘पुढची’ म्हणतात. वर विणलेल्या झावळ्यांचे झाप टाकून ठेवायचे, कुत्री पडू नयेत म्हणून. म्हातारी माणसं येता-जाता त्या झापाकडे पाहून एकमेकांना चिडवत, ‘काय, माप घेतलंस का?’ आम्हा पोरांनाही ती कुठे आहे हे पाठ होतं. असं एखाद्याला माहीत नसेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि पाळकसाहेब आल्यापासून कोणी मेलं नव्हतं, त्यांच्या उपदेशांनीसुद्धा नाही.

पाळकसाहेबांना ती रीत पटली नाही. ‘प्रकाशाचा सण आणि चोरांसारखं अंधारात जायचं?’ म्हणून त्यांनी लग्नाच्या बँडवाल्याकडून गॅसबत्त्या आणवल्या. डोक्यावर बत्त्या घेतलेले गडी दोन्ही बाजूंना, मध्ये झगा घातलेले पाळकसाहेब, आणि मागे आम्ही, वरातीत नवरदेव विसरून आलेल्या वऱ्हाडासारखे. आम्ही तिघं सगळ्यांत शेवटी होतो. बाबांना यायचंच होतं. दफनभूमीत यायला पाळकांची परवानगी लागत नाही, म्हणाले, तिथे आपली माणसं आहेत. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. ‘सूं सूं कसला आवाज गं?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘गॅसबत्त्या आहेत.’ बाबा म्हणाले, ‘मग आता कोणाला काही दिसायचं नाही.’

आणि तसंच होतं. बत्तीच्या पांढऱ्या झगझगाटापलीकडे डांबर फासल्यासारखा काळोख होता. पायाखालची रोजची वाट कळेना, लोक अडखळत होते. सड्यावर पोचल्यावर पाळकसाहेब मंडळीकडे तोंड करून वळले. दोन्ही बाजूंच्या बत्त्या थेट त्यांच्या डोळ्यांवर. हात पसरून ते गरजले, ‘बंधूंनो, अंधार हरला!’ आणि सगळ्यांना कवेत घेता यावं म्हणून असेल, एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. ‘अंधाराचा पराभव...’ झाप कडाडला. पाळकसाहेब होते तिथे नव्हते. झग्याची एक बाही तेवढी क्षणभर वर दिसली, मग तीही गेली.

कोणी हललं नाही. मंडळीला वाटलं, हेही उपदेशातच आहे. जोसेफकाका तर गुडघ्यावर आले, आणि दोनतीन बायकांनी हालेलुया म्हटलं. मग खालून आवाज आला, आणि तो उपदेशाचा नव्हता. ‘आई गं!’ असा साधा, कळवळलेला आवाज. ते किंचाळायला लागले, ‘उजेड आणा! मला काही दिसत नाही! उजेड आणा!’ गडी धावले, सगळ्या बत्त्या कडेला आणून त्यांच्या तोंडावर धरल्या. ते आणखीच किंचाळले. वरच्यांना खालचं दिसेना, खालच्याला वरचे हात दिसेनात, आणि सगळे एकदम बोलत होते.

बाबांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. ‘त्या बत्त्या मागे घ्या आधी,’ ते म्हणाले. पेटीमास्तरांच्या आवाजात शाळेच्या वर्गाचा सराव होता. गडी मागे सरले. बाबा चाचपत कडेपर्यंत गेले, पालथे झोपले आणि एक हात आत सोडला. ‘पाळकसाहेब, डोळे मिटा. माझा आवाज कुठून येतो तिकडे हात करा. हां, तसं.’

‘मास्तर, पाय मोडला माझा.’

‘शिडी येतेय खालच्या वाडीतून. तोवर घाबरू नका. तिथे आपला प्रभू आधीच राहून आलाय.’

शिडी यायला वेळ लागला. सगळा सडा शांत होता, बत्त्या लांब कुठेतरी भुणभुणत होत्या आणि आम्ही काळोखात उभे होतो, दरवर्षीसारखे. आत पाळकसाहेबांचा श्वास ऐकू येत होता. मग बाबांनी हळूच विचारलं. त्यांच्या आवाजात खट्याळपणा नव्हता असं मी म्हणणार नाही.

‘काय दिसतं, पाळकसाहेब?’

बाबांचा खांदा जरासा खाली ओढला गेला.

‘काही नाही, मास्तर. पण हात सोडू नका.’

‘नाही सोडत,’ बाबा म्हणाले.

त्यांना वर काढलं तेव्हा पूर्वेला उजळायला लागलं होतं. पेटी नव्हती, जोसेफकाकांची सून घाबरून गप्प होती. बाबांनी मातीनं भरलेल्या सदऱ्यानं उभ्यानं गीत उचललं आणि मंडळी मागून गायली. कोणी कोणाला विचारलं नाही.

असं झाल्यावर माणूस सुधारतो, असं धार्मिक मासिकांत लिहिलेलं असतं. आमचे पाळकसाहेब दोन आठवड्यांनी प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून म्हणाले, की त्या पहाटे सैतानानं त्यांना ढकललं. ढकलायला सैतानाला रत्नागिरीपर्यंत यायची काय गरज होती? प्रभुभोजनाच्या बंदीचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. बाबा पुढे गेले, त्यांनी भाकर हातात दिली आणि दुसरीकडे पाहिलं. पेटी मागितली असती तर कदाचित तीही मिळाली असती. बाबांनी मागितली नाही. ‘तिला शिकू दे,’ म्हणाले, आणि मंडळी पुढची कितीतरी वर्षं ते एकच गीत गात राहिली. चांगलं झालं.

पण त्याच ईस्टरच्या संध्याकाळी आई माझ्याशी एक शब्द न बोलता माळ्यावर चढली. खाली आली तेव्हा तिच्या केसांत पेंढा होता. चुलीमागची बाटली तिनं काढली, वात वळली, दिवा लावून कोनाड्यात ठेवला. बाबा पडवीत होते. त्यांची मान वर झाली. तो वास पडवीभर पसरला आणि बाबांच्या तोंडावर जे आलं ते मी इथे लिहू शकत नाही, मला जमत नाही. आई दारात उभी राहून खालच्या वाडीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘दिवा लावला हो!’ आणि कुंपणापलीकडून कमळमावशी म्हणाल्या, ‘कळला गो बाय, कळला!’

दोनेक वर्षांनी, आंब्याला मोहोर आला होता तेव्हा बाबा गेले. ‘पुढची’ त्यांची निघाली. झाप नवा होता. पाळकसाहेबांनी नेहमीचंच सांगितलं, की मास्तर आता प्रकाशात गेले, आणि मी बडीशेप चघळत उभी राहिले. माती झाली, माणसं पांगली. दिवस मावळत होता. आईनं पदराखालून दिवा काढला आणि ती ओल्या मातीपाशी बसली. सड्यावर वारा फार. काडी पेटे आणि विझे. मी वाकणार तेवढ्यात लंगडत कोणीतरी मागून आलं, आणि एक पांढरा झगा वाऱ्याला आड धरला गेला. वात पेटली.

‘दिवा लावला हो,’ आई म्हणाली. आणि थांबली. इतकी वर्षं या ठिकाणी एक आवाज यायचा, त्याची वाट पाहत ती तशीच बसून राहिली.

पाळकसाहेबांबद्दल माझं मत बदललेलं नाही. तो माणूस उजेडाचा ठेका घेऊन आला आणि त्यानं माझ्या बापाचे कितीतरी महिने खाल्ले. पण झालं ते लिहायला हवं. झगा तसाच धरून, आवाज न चढवता, त्या दिव्याकडे बघत ते म्हणाले, ‘येशू सहाय.’